निळ्या हेल्मेटखालचा जवान कोणाचा?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लबाच्या सभेत गेल्या महिन्यात एका निवृत्त कर्नलसाहेबांचं भाषण झालं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ते वर्षभर दक्षिण सुदानमध्ये होते. पडद्यावर त्यांनी बरेच फोटो दाखवले. पांढऱ्या रंगाच्या चिलखती गाड्या, निळी हेल्मेटं घातलेले आपले जवान, चाकाच्या वरपर्यंत चिखलात रुतलेला ट्रक. एका फोटोत तर फौजी डॉक्टर गाईला इंजेक्शन देत होता. भाषण छान रंगलं, पण आभार, शाल-श्रीफळ आणि चहा यांत प्रश्नांना वेळच उरला नाही. माझे प्रश्न तसेच राहिले. हे जवान तिथे हुकूम कोणाचा मानतात? पगार कोण देतं? डोळ्यांदेखत माणसं मारली जात असतील तर ते गोळी चालवतात की नाही? गुरांचा डॉक्टर लष्कराने तिथे कशाला नेला? आणि आमच्या गावचे एक सुभेदार श्रीलंकेच्या शांतिसेनेत होते, ती हीच का? जमल्यास सविस्तर सांगा.
– एक निवृत्त मुख्याध्यापिका, जि. सातारा

उत्तर : बाई, तुमचा पहिला प्रश्न नीट सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आपली पलटण परदेशात उतरली तरी ती भारतीय सैन्याचीच पलटण राहते. १९५० चा लष्करी कायदा तिथेही तिच्यासोबत असतो. रजा, बढती, शिक्षा, कोर्टमार्शल हा सगळा कारभार आपला. एखाद्या जवानाने तिथे गैरवर्तन केलं तर संयुक्त राष्ट्रं चौकशी करतील, त्याला मायदेशी परत पाठवतील, पण खटला चालवून शिक्षा द्यायची ती भारताने. रोजच्या कामाचं मात्र वेगळं. गस्त कोणत्या रस्त्याने घालायची, पहारा कोणत्या छावणीवर ठेवायचा, हे ठरवणार फोर्स कमांडर. त्याची नेमणूक संयुक्त राष्ट्रांचे महासचिव करतात आणि तो कोणत्याही देशाचा असू शकतो. २०१९ साली दक्षिण सुदानमधल्या मोहिमेचे फोर्स कमांडर म्हणून आपले लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर नेमले गेले, तेव्हा त्यांच्या हाताखाली रवांडा, नेपाळ, बांगलादेश, इथिओपिया, मंगोलिया अशा कितीतरी देशांचे सैनिक होते. या फोर्स कमांडरच्याही वर बहुतेक मोहिमांत एक मुलकी प्रमुख असतो, कारण ही मोहीम मुळात राजकीय असते. सैन्य हा तिचा एक भाग.

इथवरचं कर्नलसाहेबांनी सांगितलं असेलच. भाषणांतून सुटतो तो तिसरा धनी. आपण ज्याच्या अंगणात उभे असतो, तो यजमान देश. त्याची संमती असेल तोवरच शांतिसेना तिथे पाय रोवून उभी राहू शकते. या मोहिमांचा धीर, त्यांची चिकाटी आणि त्यांची हतबलता, तिन्हींचं मूळ या संमतीत आहे असं माझं मत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९५६ साली ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी सुएझच्या वादातून इजिप्तवर हल्ला केला. दोन सैन्यांच्या मध्ये उभी राहील अशी सशस्त्र सेना संयुक्त राष्ट्रांनी पहिल्यांदा उभारली ती त्या वेळी. कल्पना पुढे रेटणारे कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन. त्यांना पुढच्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. पण गंमत पाहा, त्यांच्याच देशाने तयार ठेवलेली पायदळाची पलटण इजिप्तने नको म्हणून सांगितलं. तिचं नाव होतं ‘क्वीन्स ओन रायफल्स’, आणि गणवेश ब्रिटिशांच्या गणवेशासारखाच. कालपर्यंत त्याच कपड्यांतली माणसं आमच्यावर गोळ्या झाडत होती, आज तीच शांतता राखायला कशी चालतील, हा इजिप्तचा सवाल होता आणि तो रास्त होता. कॅनडाला मग दळणवळण आणि रसदीची माणसं पाठवावी लागली. भारताच्या पलटणींना इजिप्तने हरकत घेतली नाही. आपण तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो, आणि लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी व मेजर जनरल इंदरजित रिखये या आपल्या दोन अधिकाऱ्यांनी त्या सेनेचं नेतृत्व केलं.

तुम्ही पाहिलेलं निळं हेल्मेट त्याच वर्षीचं. सैनिक दुरून ओळखू यावेत म्हणून निळ्या टोप्या हव्या होत्या, पण वेळेत मिळेनात. मग अमेरिकन हेल्मेटच्या आत बसणारी टोपणं आणून त्यांवर निळा रंग फवारला आणि कामाला सुरुवात झाली. गाड्यांच्या पांढऱ्या रंगाचं कारणही तेच. एरवी सैन्य झाडापानांच्या रंगात लपतं. इथे लांबूनच दिसायचं असतं.

आता या गोष्टीचा शेवट ऐका. ही सेना सीमेच्या एकाच बाजूला, इजिप्तच्या ताब्यातल्या भागात उभी होती, कारण इस्राएलने आपल्या हद्दीत तिला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. साडेदहा वर्षं हे चाललं. १६ मे १९६७ च्या रात्री गाझामध्ये एका इजिप्शियन ब्रिगेडियरने रिखये यांच्या हातात पत्र ठेवलं की सीमेवरची माणसं मागे घ्या. दोन दिवसांत संपूर्ण सेनाच परत न्या, अशी मागणी आली. महासचिव ऊ थांट यांनी ती मान्य केली. त्यावरून त्यांच्यावर पुढे टीकेची झोड उठली, पण यजमानाने नको म्हटल्यावर तिथे कोणत्या अधिकाराने राहायचं, याचं उत्तर टीकाकारांकडेही नव्हतं. सगळे सैनिक बाहेर पडण्याआधीच ५ जूनला युद्ध पेटलं आणि गाझामध्ये अडकलेल्या भारतीय तुकडीतले कित्येक जवान त्यात मारले गेले. कोणाशीही न लढणाऱ्या सेनेतली आपली ती माणसं. आपल्याकडे त्यांची आठवण निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

संमती काढून घेण्याचे मार्ग पुढे आणखीही निघाले. इथिओपिया आणि एरिट्रियाच्या सीमेवर भारतीय पलटण होती. एरिट्रियाने ‘जा’ असं म्हटलं नाही, नुसतं डिझेल तोडलं. गाड्या उभ्या राहिल्या आणि २००८ मध्ये ती मोहीम गुंडाळावी लागली.

तुमच्या सुभेदारांच्या श्रीलंकेचं उत्तर इथेच देऊन टाकतो. ती सेना वेगळी. जुलै १९८७ मध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात जो करार झाला, त्यानुसार आपलं सैन्य गेलं. हुकूम दिल्लीचा, खर्च दिल्लीचा, गणवेश आपला नेहमीचा, निळं हेल्मेट नाही. नावात शांतता असली तरी लिट्टे या तमीळ बंडखोर संघटनेशी उघड लढाई झाली आणि बाराशेच्या आसपास जवान आपण गमावले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते याच मोहिमेत. आणि शेवट तिथेही संमतीपाशीच झाला. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी भारतीय सैन्याने निघून जावं असं सांगितलं, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली.

आता गोळीचा प्रश्न. हा सगळ्यांत अवघड, आणि याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही.

पूर्वीचा नियम साधा होता : स्वतःच्या जिवावर बेतलं तरच गोळी. आता बहुतेक मोहिमांना सुरक्षा परिषद नागरिकांच्या रक्षणासाठीही बळ वापरायची मुभा देते. शिपायाच्या खिशात नियमांचं छोटं कार्ड असतं. आधी ओरडून इशारा, मग शस्त्र रोखणं, मग हवेत गोळी, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर नेम धरून, तीही लागेल तेवढीच. वाचायला सोपं वाटतं. अंधारात, पावसात, समोरचा माणूस गणवेशात आहे की नाही हेही दिसत नसताना एका लान्सनायकाने हे क्षणात ठरवायचं असतं.

गोळी चालवावीच लागली, अशी उदाहरणं आपल्या सैन्याच्या खात्यावर आहेत. १९६० मध्ये काँगोतून कटांगा प्रांत फुटून निघाला, त्याच्या बाजूने भाडोत्री गोरे सैनिक लढत होते. सुरक्षा परिषदेने १९६१ मध्ये बळाच्या वापराला परवानगी दिली. ५ डिसेंबरला एलिझाबेथविल शहरात, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, रस्ता अडवून बसलेल्या दोन चिलखती गाड्या आणि नव्वदेक बंडखोरांवर कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी सोळा गुरख्यांनिशी चाल केली. रॉकेट लाँचरने गाड्या उडवल्या, नंतर संगिनी आणि खुकऱ्या. मानेला गोळी लागूनही सलारिया लढत राहिले आणि अडथळा मोडला, पण ते वाचले नाहीत. वय सव्वीस. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मिळालेलं हे एकमेव परमवीर चक्र, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या माजी विद्यार्थ्याला मिळालेलंही पहिलंच.

सिएरा लिओनमध्ये मे २००० मध्ये वेगळाच पेच पडला. कैलाहुन गावात आपल्या गोरखा पलटणीच्या दोन कंपन्यांना बंडखोरांनी वेढलं. शस्त्रं खाली ठेवा आणि निघून जा, असा निरोप आला. जवानांनी शस्त्रं ठेवली नाहीत, आणि लगेच गोळीबारही केला नाही. अडीच महिने ते तिथेच राहिले. शिधा संपत आला, आजारपणं आली, वाटाघाटी चालू राहिल्या. वेढा घालणाऱ्या पोरांशी बोलणं तोडलं नाही. सगळे मार्ग संपल्यावर जुलैच्या मध्यावर, धो धो पावसात, ‘ऑपरेशन खुकरी’ झालं आणि दोनशेहून अधिक माणसं वेढा फोडून बाहेर आली. एक हवालदार त्यात कामी आला. या मोहिमेतली चकमक सगळे रंगवून सांगतात. मला ते अडीच महिने मोठे वाटतात. इतके दिवस बोट चापावर ठेवून चाप न ओढणं याला लागणारी शिस्त एका दिवसाच्या हल्ल्याहून कमी नसते.

आणि जिथे जमलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये राष्ट्राध्यक्ष कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष माचार यांच्यात यादवी पेटली. आकोबोच्या छोट्या तळावर काही नागरिक आश्रयाला आले होते. हजारोंचा सशस्त्र जमाव चालून आला. तळावर आपले चाळीसच्या आसपास जवान होते. त्यांतले दोघे मारले गेले, आणि आश्रयाला आलेल्यांतलीही माणसं मारली गेली. त्याच सुमारास मालाकालसारख्या मोठ्या तळांनी आपली दारं उघडली आणि लोक पोरंबाळं घेऊन आत शिरले. कोणी आधी नियम शोधत बसलं नाही, म्हणून हजारो जीव वाचले. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मालाकालच्या त्याच छावणीवर हल्ला झाला, झोपड्या जळाल्या, पंचवीसहून अधिक लोक मेले. त्या तळावर इथिओपिया, रवांडा आणि भारताच्या तुकड्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत दिरंगाई, नियमांबद्दलचा गोंधळ, पहाऱ्याची जागा सोडणं असे ठपके आले. हल्लेखोरांत सरकारी गणवेशातलेही होते, म्हणजे ज्या यजमानाच्या संमतीवर उभं राहायचं त्याच्याच माणसांवर बंदूक रोखायची होती. हे कारण खरं आहे. पण त्या रात्री ज्यांची घरं जळाली त्यांना हे कारण पुरेसं वाटणार नाही, आणि वाटू नयेच.

पैशाचं थोडक्यात. जवानाचा पगार भारत सरकारच देतं, वर परदेशी भत्ता. संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे महिन्याला १,४०० डॉलरांहून थोडी अधिक रक्कम सरकारला परत करतात, आणि आपण नेलेल्या गाड्या, जनित्रं, तंबू, दवाखाना यांचं भाडं वेगळं. ही रक्कम वेळेवर येतेच असं नाही, सदस्य देशांची वर्गणी थकली की आपलीही थकते. जवानाच्या हातात संयुक्त राष्ट्रांकडून पडतो तो रोजचा सव्वा डॉलरच्या आसपासचा भत्ता. निरीक्षक म्हणून एकटेदुकटे जाणाऱ्या अधिकाऱ्यांचा निर्वाहभत्ता बराच मोठा असतो, म्हणून ‘शांतिसेनेत गेला म्हणजे मालामाल झाला’ हा समज पसरला. पलटणीबरोबर गेलेल्या शिपायाला तो लागू नाही.

आता गाईचा फोटो. बाई, तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला हा फार आवडला.

दक्षिण सुदानच्या डिंका, नुएर, मुर्ले या जमातींत गाय-बैल म्हणजे घरची लक्ष्मी, बँक, आणि मुलीच्या लग्नात वराकडून द्यायचं धनही. हुंड्याची दिशा उलटी. लग्न ठरतं ते किती गुरं द्यायची यावर. वयात येणाऱ्या मुलाला स्वतःचा बैल मिळतो आणि त्या बैलाच्या रंगावरून, शिंगांच्या वळणावरून मुलालाच नाव पडतं. डास-गोचिडांसाठी शेणाच्या गोवऱ्यांचा धूर करतात आणि ती राख माणसं आपल्याही अंगाला लावतात. दुसऱ्या जमातीची गुरं पळवणं हा जुना प्रकार, पण पूर्वी ते भाल्यांनी व्हायचं, आता हातात कलाश्निकोव्ह आल्या. एका गोठ्यावरच्या धाडीतून शेकडो माणसांचं हत्याकांड घडतं, मग त्याचा सूड.

अशा मुलखात भारताने लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरचे डॉक्टर नेले आणि मालाकालला गुरांचा दवाखाना काढला. जंतांची औषधं, लसी, जखमांची मलमपट्टी, अडलेल्या गाईची सुटका. बैल मेला की शेजाऱ्याचा बैल पळवायची वेळ येते, बैल जगला तर ती टळते, इतका सरळ हिशेब. आणि गुरं घेऊन आलेला माणूस दोन घटका बसतो, बोलतो, ओळख होते. दुसऱ्या जमातीचा माणूस त्याच रांगेत उभा असतो. चिलखती गाडीने जे दार उघडत नाही ते इथे उघडतं. आपल्या सैन्यातली बरीच पोरं गोठ्यात वाढलेली असतात. गाईच्या पाठीवर हात कसा ठेवायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही, आणि समोरच्या डिंका म्हाताऱ्याच्या ते लक्षात आल्यावाचून राहत नाही. कोणत्याही करारात न लिहिलेली संमती ही अशी मिळवावी लागते.

रुतलेल्या ट्रकचंही ऐका. त्या भागातली जमीन आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्यासारखी काळी, चिकण. उन्हाळ्यात हातभर भेगा, आणि पाऊस पडला की लोणी. तिथे डांबरी रस्ते नाहीतच, आणि मे ते ऑक्टोबर कच्चे रस्तेही पाण्याखाली. चाकाला माती चिकटत जाते, चाक फिरेनासं होतं, आणि ट्रक बसला की बसला. तीस किलोमीटरच्या गस्तीला दोन दिवस लागले तर कोणाला नवल वाटत नाही. रसद पांढऱ्या नाईलवरून सपाट बार्जांवर नाही तर हेलिकॉप्टरने. म्हणून ‘हल्ला झाला तेव्हा शांतिसेना कुठे होती’ या प्रश्नाचं एक उत्तर बऱ्याचदा ‘चिखलात’ असं असतं. एखादा काळ्या रानातला शेतकरी तुमच्या सभेला असता तर तो फोटो बघून त्याला पुढचं काही सांगावं लागलं नसतं.

सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, मूळचे कोल्हापूरकडच्या वडगावचे. १९५३ साली कोरियात युद्धबंदी झाली, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी सांभाळायचं काम भारताकडे आलं. देखरेखीच्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाचं पाऊल आपल्या जमिनीवर पडू देणार नाही अशी भूमिका घेतली. मग काय करावं? इंचॉनला जहाजं लागली आणि तिथून हजारो जवानांना हेलिकॉप्टरांनी उचलून थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आलं. तिथल्या तळाला नाव दिलं ‘हिंदनगर’.

कैदी चिडलेले होते, आपल्याला जबरदस्तीने परत पाठवतील या भीतीने. एके दिवशी त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेर सज्ज सैन्य होतं. थोरातांनी गोळीचा हुकूम दिला नाही. मोजक्या माणसांनिशी ते स्वतः त्या खवळलेल्या गर्दीत गेले, बोलत राहिले, आणि मेजरला सोडवून आणलं. पुढे काही प्रसंगी पहारेकऱ्यांना गोळीबार करावाही लागला, काही कैदी मेले, हेही खरं. तरी दोन्ही बाजूंनी संशयाने पाहणाऱ्या त्या प्रदेशातून ते दल काम आटोपून परत आलं. थोरातांनी ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र लिहिलं आहे.

आपण जातो कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सभेत कोणाच्या तरी मनात आला असणार. आजवर पन्नासच्या आसपास मोहिमांत भारताचे अडीच लाखांहून अधिक सैनिक जाऊन आले आणि दीडशेहून अधिक परत आले नाहीत. दुसऱ्या कोणत्याही देशाने या कामात इतकी माणसं गमावलेली नाहीत. सुरक्षा परिषदेतल्या कायमच्या जागेसाठी हा हिशेब मांडला जातो, ते मला फारसं रुचत नाही. माणसांचे जीव जागेच्या मोबदल्यात मोजू नयेत. मला पटणारं कारण वेगळं आहे : ज्या देशांवर परक्यांनी राज्य केलं, त्यांना कोणत्या गणवेशाची भीती वाटते हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून आपला गणवेश इजिप्तला चालला. आणि म्हणूनच २००३ मध्ये अमेरिकेच्या विनंतीनंतरही संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय इराकमध्ये सैन्य पाठवायला भारताने नकार दिला, ते योग्य झालं.

शेवटी क्लबाविषयी. सेवेतल्या अधिकाऱ्याला असं भाषण करायला वरून परवानगी लागते, लष्करी नियमांत तसं कलमच आहे. निवृत्तांवरही गोपनीयतेचा कायदा असतोच, म्हणून कर्नलसाहेबांनी काही तपशील गाळले असतील तर ते समजून घ्या. पण पुढच्या वेळी भाषण वीस मिनिटांचं आणि प्रश्नोत्तरं चाळीस मिनिटांची ठेवायला सांगा. आणि बोलावताना केवळ अधिकाऱ्यांना बोलावू नका. तुमच्या जिल्ह्यात आपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले सेहेचाळीस जण परत आले नाहीत. अशा गावांतून निवृत्त होऊन शेती करणारे सुभेदार, हवालदार, नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर सापडतील, त्यांत काँगो, सोमालिया, लेबनॉन, सुदान पाहिलेले असतीलच. ओळखायची खूण सांगतो. पदकांच्या पट्टीत ‘विदेश सेवा मेडल’ असेल, आणि शेजारी संयुक्त राष्ट्रांचं पदक. त्यांना कोणी व्यासपीठावर बसवत नाही. त्यांना विचारा की चिखलात गाडी बसल्यावर रात्र कुठे काढली, गावातली पोरं पहिल्या दिवशी कशी बघत होती आणि निघायच्या दिवशी कशी, घरी फोन किती दिवसांनी लागायचा, आणि समोरचा माणूस बंदूक घेऊन ओरडत होता तेव्हा त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललात.